ढावलोचा आठवडा

१८ सप्टेंबर, तांडा

सासूनं वही आणून दिली. कव्हरवर मोटारीचं चित्र हाय. म्हणली, "तिथं बोलायला कुणी भेटंल न भेटंल, हिच्याशी बोल. मला वाचता येत न्हाई, माझ्यावर पण लिही काय लिहायचं ते."

म्हणून लिहून राहिले. आश्रमशाळेत सातवी केली, त्यानंतर हातात पेन धरला तो सही करायला.

मी शिला. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या अलीकडं आमचा तांडा. नवरा प्रेमदास टेम्पो चालवतो. उन्हाळ्यात मी हळद शिजवताना गाणं म्हणत होते, ते त्यानं मोबाईलवर घेतलं अन मला न इचारता टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेला पाठवलं. मग नांदेडला बोलावलं, मग मुंबईला. आता पक्कं झालं. परवा जायचं. हारेस्तोवर तिथंच ऱ्हायचं.

दुपारी आमचा नायक खेमा ओट्यावर येऊन बसला. तांड्यात त्याचा शब्द चालतो. म्हणला, "भिकाबाई, सून टीव्हीत नाचवायला पाठवून राहिली का?"

सासू भांडे घासत होती. मान वर केली न्हाई. "नाचायला न्हाई, गायला. नाचायचं असंल तर तुमाला पाठवू, होळीत तुमीच पुढं असता."

त्याचा चहा तसाच राहिला. मला हसू आलं, पण मी भेलेली हाय. लाखी दीड वर्षाची. अजून अंगावर पिते.

२३ सप्टेंबर, मुंबई

हाटेलात ठेवलं. खोलीत दोन पलंग. दुसऱ्यावर आकांक्षा, रिसोडची, म्हणजे आमच्या शेजारचीच. तिचे वडील रामजी भीमगीतांची पार्टी चालवतात, ती लहानपणापासून त्यांच्यासंग स्टेजवर. मला म्हणली, "काहून रडून राहिली? इथं रडलं की कॅमेरावाले येतात, तोंड धुऊन ये."

रडत नव्हते. छाती दगडासारखी झाली होती दुधानं. न्हाणीत जाऊन बेसिनमध्ये पिळून टाकलं. नळ सोडला तरी ते पांढरं लवकर वाहून जाईना. तिकडं माझं लेकरू बाटली तोंडात धरून न्हाई राहिलं, इकडं मी मोरीला पाजून राहिले.

संध्याकाळी फोन केला. प्रेमदास काही बोलला न्हाई. नुसता फोन लाखीच्या तोंडाजवळ धरला. तिचा श्वास ऐकू आला, मग कट झाला. रागावला असंल माझ्यावर.

२७ सप्टेंबर

इथं एक मॅडम हाय, तिचं काम आमच्या गोष्टी ऐकायचं. सगळे तिला स्टोरीवाली मॅडम म्हणतात. लई चांगली बाई. खाली बसून बोलते माझ्याशी, ताई म्हणते. माझं लग्न कसं झालं, रडले का, घरच्यांची आठवण येते का, सगळं इचारलं.

मी सांगितलं, आमच्यात नवरी ढावलो म्हणते. जायच्या वेळी एकेकाच्या गळ्यात पडायचं अन ज्याच्या गळ्यात पडलो त्याचं नाव घेऊन म्हणायचं. आईला येगळा, भावाला येगळा. लग्नाच्या आधी म्हाताऱ्या बाया पोरीला बसवून शिकवतात. माझा ऐकून माझी याडी, म्हणजे आई, चक्कर येऊन पडली होती.

मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणली, "किती सुंदर." अन वहीत लिहून घेतलं. एवढं कुणी माझं ऐकलं न्हाई आजपातुर.

४ ऑक्टोबर

दर आठवड्याला एक विषय देतात. त्याला हे लोक थीम म्हणतात. ह्या वेळची 'दिवाळी विशेष'. दिवाळी अजून दूर हाय, पण टीव्हीत दाखवायचं आधी घेऊन ठेवतात. एसीत पणत्या लावल्या, त्या इझायच्या, एक माणूस पळत येऊन परत लावायचा. शेवटी बॅटरीच्या आणल्या.

मला आमच्या पोरी दिसत होत्या. दिवाळीच्या अवसेला दिवा हातात घेऊन घरोघर जातात, प्रत्येकाला 'मेरा', म्हणजे आमचं दिवाळीचं गाणं, म्हणतात, ते ऐकल्याबिगर आमची दिवाळी लागत न्हाई. ते गावं वाटलं, पण मॅडम म्हणली, सगळ्यांना माहीत असलेलं गा. गायलं. वाचले, दुसऱ्या एकीला घरी धाडलं.

१२ ऑक्टोबर

'जुनं ते सोनं' आठवडा. मला सिनेमातलं जुनं गाणं दिलं, लई मुरक्यांचं. माझ्या बापजन्मी ऐकलं नव्हतं. वाद्यांच्या सरांनी तीन दिवस रगडलं. जमलं. मधल्या खुर्चीतले परीक्षक उभे राहिले.

खोलीवर आले तर आकांक्षाशी भांडण. मी म्हणले, "हे थीमचं काय खूळ हाय? ज्याला जे येतं ते गाऊ द्यावं न."

ती पाय चोळत होती, उंच चपलांनी सुजले होते. म्हणली, "व्हय का? मग आज उभे राहिले ते कशावर? तुला आपल्या मनानं गाऊ दिलं असतं तर तू जलमभर हळदच शिजवत बसली असती."

"अन तू?"

"मला इथं पहिल्या दिशी भीमगीताची पोरगी म्हणून बशिवलं. ते मी मरेस्तोवर गाणार, ते माझं हाय. पण लोकं म्हणतात हिला तेवढंच येतं. आज जुन्याचा आठवडा होता म्हणून जुनी गझल गाता आली. थीम नसती तर कुणी इचारलं असतं का मला, गझल येती का म्हणून?"

तिचं बराबर हाय. तरी काहीतरी खटकून राहिलं.

२० ऑक्टोबर

'मातीची गाणी'. स्टेजवर ताटात माती पसरली, अनवाणी उभं केलं. पायानं चाळली तर निम्मा नारळाचा भुसा. हातात विळा दिला, त्याला धार नव्हती. गाणं चांगलं झालं. परीक्षक मॅडम म्हणल्या, मातीचा वास आला.

ब्लाउज ओला झाला होता, दूध अजून आटत न्हाई. कपडेवाल्या बाईनं गुपचूप आतून रुमाल लावला. काही इचारलं न्हाई. तिला पण लेकरू असंल.

२९ ऑक्टोबर

आज कळलं मला काय खटकत होतं ते.

भात खाताना ध्यानात आलं. थीम तर आमच्याकडं पण हाय. होळीचा दांडा रोवला की लेंगी म्हणायची, होळी झाली की बंद. मग कुणी लाख रुपये दिले तरी लेंगी तोंडातून निघत न्हाई, निघाली तर म्हाताऱ्या हाणतात. श्रावणात तीजेची. पाळण्याची पाळण्यापाशी. सगळ्या तांड्याचे आठवडे बांधलेले हायत, ते कुणी टीव्हीवाल्यानं बांधले न्हाईत.

मग फरक काय? आमच्याकडं आधी होळी येती, मग गाणं येतं. इथं आधी गाणं घेतात, मग भुशाची माती करतात.

आकांक्षाला सांगितलं. ती म्हणली, "हे परीक्षकाला सांग, मार्क देईल," अन तोंडावर पांघरूण घेतलं.

५ नोव्हेंबर

पुढचा आठवडा सांगितला. 'पाठवणी विशेष'. लेक सासरी जाते त्याची गाणी. मला सिनेमाचं न्हाई दिलं. मला ढावलो म्हणायचा हाय.

मॅडम लई खुश. म्हणली, "ताई, हा आठवडा तुमच्यासाठीच आहे असं समजा." कसा योगायोग बघा, मी हिला एवढं सांगितलं अन हीच थीम आली.

वाद्यांचे सर म्हणले, शब्द लिहून द्या, ताल बसवायचा हाय. मी म्हणले, शब्द आधी नसतात. गळ्यात कोण हाय ते कळल्यावर येतात. अन ताल न्हाई त्याला, श्वास संपला की ओळ संपते. सर माझ्याकडं बघतच राहिले. म्हणले, "मग आम्ही वाजवायचं काय?"

७ नोव्हेंबर

याडीला फोन केला. ती गोरमाटीत, आमच्या बोलीत, बोलते, मी मराठीत लिहिते. म्हणली, "कुणाचं लग्न हाय?"

"कुणाचंच न्हाई. टीव्हीत म्हणायचा हाय."

मग म्हणली, "पोरगी जात असंल तर ढावलो. कुणी जात नसताना म्हणशील तर कुणीतरी जाईल. घरात एकच पोरगी हाय तुझ्या."

फोन ठेवला.

८ नोव्हेंबर

लाखीला ताप. कालपासून. सेनगावच्या दवाखान्यात नेलं. मी अजून म्हणले बी न्हाई, नुसतं म्हणायचं ठरलं तर हे.

मॅडमला सांगितलं. तिनं हात धरला. म्हणली, "ताई, ह्या अंधश्रद्धा आहेत. पण हे सगळं तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल का? आईचं काळीज दिसू दे लोकांना."

मी म्हणले, न्हाई. अन ढावलो पण न्हाई. दुसरं कोणतं पण द्या, हळदीचं द्या, रुखवताचं द्या. ती म्हणली, ते बाकीच्यांना वाटून झालं. सेट पण बनला. ढावलो न्हाई तर मार्क कशाला देतील? ह्या आठवड्यात एक जण जाणार हाय, नीट विचार करा.

सेट बघून आले. थर्माकोलचा बैल हाय. जुन्या काळी नवरीला बैलावर बसवून पाठवायचे, ते बी मीच सांगितलं होतं. बैलाचे डोळे लई मोठे केले.

९ नोव्हेंबर

ताप उतरेना. सासूला फोन. म्हणले, "मी येऊ का?"

"येऊन काय करशील, तापाला गाणं म्हणशील?" म्हणली. मग आवाज उतरला. "प्रेमदास उराशी घेऊन बसला हाय. तू गेली तवापासून तोच निजवतो तिला. तुझं गाणं लावतो मोबाईलवर, मग निजती. तुझा आवाज ऐकला की त्याला बोलता येत न्हाई, माझा लेक तसाच हाय, बापासारखा."

मला वाटलं होतं रागावला.

मग ढावलोचं इचारलं. सासू म्हणली, "मी म्हणले तवा खरंच जात होते. माझ्या याडीच्या गळ्यात पडून म्हणले. तू कुणाच्या गळ्यात पडणार हाय?"

मी म्हणले, "तिथं बैल हाय थर्माकोलचा."

सासू एवढी हसली की तिला खोकला लागला. आजारी लेकराच्या उशाशी बसून हसली. मला पण हसू आलं. किती दिवसांनी.

११ नोव्हेंबर, शूटिंगचा दिवस

सकाळी फोन आला. ताप गेला. लाखीनं भाकरीचा तुकडा खाल्ला अन मांजरीच्या मागं पळाली.

मी पायऱ्यांवरच बसून घेतलं. मॅडमला सांगितलं, तिनं मला मिठी मारली. म्हणली, "बघा, मी म्हटलं होतं ना? आता काही भीती नाही. आता गाल ना?"

तवाच मला कळलं. आता भीती नव्हती, तरी तोंडातून न्हाईच आलं. मला वाटत होतं मी भेऊन न्हाई म्हणून राहिले. भीती गेली अन न्हाई तिथंच होतं, घट्ट.

फेटिया घातली, आमचा घागरा, पण भाड्याचा, आरसे डिंकानं चिकटवलेले. बसले तर दोन गळून पडले. आकांक्षाच्या झग्याला बारका माईक टोचला, तिला अँकरशी बोलायचं होतं म्हणून. माझ्या हातात मोठा माईक दिला.

स्टेजवर गेले. बैलापाशी उभी राहिले. व्हायोलिन सुरू झालं. मी काहीच म्हणले न्हाई. ते थांबलं, परत सुरू झालं, परत थांबलं. मधल्या खुर्चीतले सर म्हणले, "काय झालं बेटा?"

मी माईक तोंडाशी धरला. म्हणले, "सर, ढावलो कुणी जात असंल तर म्हणतात. कुणी जाऊन न्हाई राहिलं."

सर म्हणले, "पण थीमचा मान ठेवायला पाहिजे ना? बाकीच्यांनी ठेवला."

"सर, मीच मान ठेवून राहिले."

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. मग मी लाखीचा पाळणा म्हणले, वाद्याबिगर. सुरात होते, मला कळतं ते. सर म्हणले, गाणं सुंदर, पण विषय सोडून. सगळ्यांत कमी मार्क.

संध्याकाळी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. अँकरनं लई येळ लावला अन माझं नाव घेतलं. शिला आज आपला निरोप घेते.

मी माईक थर्माकोलच्या बैलाच्या पाठीवर ठेवला. त्यांचा होता, त्यांना दिला. अन आकांक्षा आली अन गळ्यात पडली.

ते मी म्हणले न्हाई. आलं. गळा होता, जाणारी होती, आता कमी काय होतं? तिचं नाव घेतलं, तिच्या सुजलेल्या पायांचं घेतलं, खोलीतल्या दोन पलंगांचं घेतलं, उद्या एक रिकामा राहील म्हणले. गोरमाटीत. तिला एक शब्द कळला नसंल. ती माझ्या खांद्यावर दात आवळून रडली, अन मला म्हणायची, रडू नको, कॅमेरावाले येतील.

बरं झालं माईक ठेवला होता. ते आमच्या दोघींतच राहिलं.

१३ नोव्हेंबर, तांडा

लाखीनं वळखलं न्हाई. सासूच्या लुगड्यामागं लपली. मी लांब बसले अन पाळणा म्हणला. ती थोडी थोडी सरकत आली, मोबाईलकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. मग तोंडाला हात लावला.

अंगावर घेतलं तर दूध आलं न्हाई. तरी ती चोखत राहिली.

खेमा नायक आला. म्हणला, "हारली म्हणे."

सासू म्हणली, "व्हय. चहा घ्या." ह्या वेळी पिला त्यानं.

२३ नोव्हेंबर

आज तो भाग दाखवला. आमच्या घरात अर्धा तांडा. पाळणा दाखवलाच न्हाई. सरांशी बोलले ते दाखवलं, पण मधलं कापलं, मी उगं हट्ट करून राहिले असं वाटत होतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

अन शेवटी ढावलो ऐकू आला. सगळाच. कसा काय, देव जाणे. माईक तर मी बैलावर ठेवला होता.

याडी काय म्हणंल, बाया काय म्हणतील. मी सासूकडं बघितलं.

सासू डोळे मिटून ऐकत होती. म्हणली, "बराबर म्हणला. जाणारी होती." मग एक डोळा उघडला. "पण हे मधीच कोण रडून राहिलं?"

प्रेमदास म्हणला, "याडी, ते व्हायोलिन हाय. मागून घातलं."

"त्याला म्हणावं गप बस, तुझं कोण चाललं?"

अर्धा तांडा हसला. खेमा नायक पण.

१० जानेवारी

मॅडमचा फोन. म्हणली, तो ढावलो लाखो लोकांनी मोबाईलवर बघितला, लोकं मला परत मागून राहिले. परत घेणार हायत, सरळ शेवटच्या पाचात. आकांक्षा पण हाय त्यात.

खरं सांगते, मला जायचं होतं. अजून हाय.

"थीम काय?" इचारलं.

"होळी विशेष. तुमच्यात ते लेंगी असतं ना, तुम्हीच सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात शूटिंग."

प्रेमदास समोर टेम्पो पुसत होता. फडकं तसंच हातात राहिलं. सासू तुरीच्या शेंगा सोलत होती, ती थांबली न्हाई.

मी म्हणले, "मॅडम, अजून दांडा रोवला न्हाई."

"म्हणजे?"

"माघातल्या पुनवेला रोवतात. त्याच्या आधी लेंगी निघत न्हाई. दुसरं कोणतं पण द्या, गझल द्या, शिकते. न्हाईतर तुमी या. पुनवेला तांड्यात या, कॅमेरा घेऊन या, जागा लई हाय. माती पण हाय."

ती हसली न्हाई. म्हणली, "ताई, असं बोलावणं परत येत नाही. बाहेर हजार मुली उभ्या आहेत. तुम्ही हो म्हणा, कोणाला कळणार आहे होळी कधी आहे ते?"

"आमाला कळतं न."

फोन ठेवला. मोबाईल हातातून शेंगांत पडला. मी लई मोठी चूक केली का? प्रेमदास आला, शेंगांतून मोबाईल काढला, फडक्यानं पुसला अन माझ्या हातात दिला. सासू म्हणली, "शेंगा सोल."

सोलल्या.

माघ पुनव

दांडा रोवला. मुंबईहून कुणी आलं न्हाई. मी दोनदा रस्त्याकडं बघितलं, खोटं काहून लिहू.

डफ तापवले. दर वर्षी पहिली लेंगी खेमा नायक उचलतो. आज डफ घेऊन उभा राहिला अन गप. सगळे बघून राहिले. मग माझ्याकडं हनुवटी केली. "उचल न. का तुला बी बैल पाहिजे?"

उचलली. बाया मागून आल्या, मग माणसं. लाखी प्रेमदासच्या खांद्यावर बसून त्याच्या डोक्यावर डफ वाजवत होती, बेताल.

सकाळी घसा पार बसला. लाखीनं हाक मारली तर ओ देता येईना. मग टाळी वाजवली, ती पळत आली.

आज परत म्हणायची हाय. होळीपातुर रोज.